कमोड येण्याआधीचं काम

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक इथल्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांमध्ये सध्या एक काम घरोघरी निघतं आहे. फ्लॅट घेतला तेव्हा तिशी-चाळिशीत असलेली माणसं आता सत्तरीत आहेत. गुडघे उकिडवं बसू देत नाहीत, आणि देशी भांडं काढून तिथे कमोड बसवायचं ठरतं. मग घरातले सगळे दुकानात जातात. कमोडचा आकार, टाइल्सचा रंग, नळांची चकाकी यांवर दोन-तीन आठवडे चर्चा होते. जमिनीखालचा पाइप मात्र कुणाच्याच बोलण्यात येत नाही. तो विषय पूर्णपणे मिस्त्रीवर सोडलेला असतो.

कमोड जागेवर ठेवून स्क्रू आवळायला अनुभवी प्लंबरला दोन-तीन तास पुरतात. त्याआधीची तोडफोड, पाइपलाइन, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्सचं काम आठ-दहा दिवस तरी चालतं. संडास पुढची वीस वर्षं नीट चालणार, की सहा महिन्यांत खालच्या मजल्यावरच्या काकू छताची ओल दाखवायला बोलावणार, हे त्या आठ-दहा दिवसांत ठरतं. हे काम एकदा टाइलखाली गेलं की पुन्हा फोडल्याशिवाय दिसत नाही. म्हणूनच ते उघडं असताना काय पाहायचं, हे घरमालकाला ठाऊक असायला हवं.

पाच सेंटीमीटर पाणी

संडासाच्या पाइपातून मैला खाली जातो, आणि त्याच पाइपातून गटारातले वायू वर येऊ पाहतात. त्यांत मिथेन असतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही असतो. हे वायू अडवण्याचा सोपा उपाय लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश कारागिराने १७७५ साली पेटंट केला. त्याने भांड्याखालच्या पाइपाला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखं वळण दिलं. फ्लश केल्यावर थोडं पाणी त्या वळणात अडकून राहतं आणि वायूंची वाट बंद होते. या वळणालाच आज ट्रॅप म्हणतात. त्यातल्या पाण्याची खोली, म्हणजे वॉटर सील, किमान ५० मिलिमीटर असावी, असा नियम आहे. घर आणि गटार यांच्यामध्ये एवढंच पाच सेंटीमीटर पाणी असतं.

देशी भांड्याच्या पोटात ट्रॅप नसतो. तो स्वतंत्र घेऊन भांड्याखाली, जमिनीत गाडलेला असतो. कमोडमध्ये मात्र हे वळण चिनीमातीच्या भांड्यातच घडवलेलं असतं. देशी भांडं काढून कमोड बसवताना सर्वांत मोठी चूक होते ती नेमकी इथे. तोडफोड वाचवण्यासाठी जमिनीतला जुना ट्रॅप तसाच ठेवला जातो आणि त्याच्या तोंडावर कमोड बसवला जातो. आता एकापाठोपाठ एक असे दोन ट्रॅप झाले. दोन्हींमध्ये पाणी साचलेलं, आणि मधल्या तुकड्यात हवा कोंडलेली. फ्लश दाबला की त्या हवेला जायला जागा नसते. पाणी भांड्यात वर चढतं आणि मग हळूहळू उतरतं; मैल्याला ढकलणारा जोर मधेच मरतो. खालच्या वळणात घाण साठत जाते आणि लाइन वारंवार तुंबते.

अशा घरात दोष कमोडच्या कंपनीला दिला जातो. फ्लशची टाकी बदलून पाहिली जाते, अ‍ॅसिड ओतलं जातं, आणि तुंबणं काही थांबत नाही. खरा उपाय एकच आहे. जमीन फोडून जुना ट्रॅप काढायचा आणि कमोडच्या तोंडापासून उभ्या मुख्य पाइपापर्यंत, मधे दुसरा ट्रॅप न ठेवता, सरळ लाइन टाकायची. त्यामुळे ‘जमिनीला हात न लावता एका दिवसात वेस्टर्न करून देतो’ असं कुणी म्हटलं, तर खालच्या ट्रॅपचं काय करणार, हा पहिला प्रश्न विचारावा.

आधी कमोड, मग पाइप

कमोडचं तोंड दोन प्रकारचं असतं. एस ट्रॅप कमोडचा पाइप खाली, जमिनीत उतरतो. पी ट्रॅप कमोडचा पाइप मागे, भिंतीत जातो. उभा पाइप बाहेरच्या डक्टमध्ये, त्याच भिंतीला लागून असेल तर पी ट्रॅप सोयीचा पडतो, कारण स्लॅबच्या वर जमिनीत लांब आडवी लाइन टाकावी लागत नाही.

एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून जमिनीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर फार महत्त्वाचं असतं. बाजारात साधारण ११०, २२५ आणि ३०० मिलिमीटर अशी मापं मिळतात. हे माप तयार भिंतीपासून, म्हणजे टाइल लागल्यानंतरच्या पृष्ठभागापासून धरलेलं असतं. पाइपलाइन टाकतात तेव्हा भिंत उघडी असते. समजा, उघड्या विटांपासून बरोबर २२५ मिलिमीटर मोजून पाइप टाकला. नंतर प्लास्टर, चिकटवण्याचा माल आणि टाइल मिळून भिंत ३० मिलिमीटरने पुढे आली. उरले १९५. आता कमोडची टाकी भिंतीला अडते आणि भांडं पाइपावर बसतच नाही. मग वाकडा कनेक्टर लावून वेळ मारून नेली जाते. त्या वाकड्या जागी मैल्याचा मार्ग अरुंद होतो आणि तुंबण्याची एक नवी जागा तयार होते.

यावर उपाय म्हणजे कामाचा क्रम बदलणं. कमोड आधी पसंत करून शक्यतो घरी आणून ठेवावा, किमान त्याच्या मापांचा कागद तरी प्लंबरच्या हातात द्यावा, आणि मगच पाइप टाकावा. छापील मापावर भागवण्यापेक्षा प्रत्यक्ष भांडं मोजणं केव्हाही चांगलं. गुजरातमधल्या मोरबी आणि थानगढच्या भट्ट्यांमध्ये तयार होणारी भांडी असोत की परदेशातून आलेली, चिनीमाती वाळताना आणि भाजताना सुमारे दहा टक्के आकसते. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये काही मिलिमीटरचा फरक पडू शकतो आणि तळ अगदी सपाट असेलच असं नाही.

याच टप्प्यावर जागेचाही विचार होतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वतंत्र संडासाची रुंदी किमान ९० सेंटीमीटर हवी. अशा जागेत कमोडचा मध्य दोन्ही भिंतींपासून ४५ सेंटीमीटरवर येतो आणि माणूस नीट बसू शकतो. मोठ्या बाथरूममध्ये मात्र जागा वाचवण्यासाठी कमोड कोपऱ्यात सरकवला जातो आणि कोपर भिंतीला घासू लागतं. मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत ३८ ते ४० सेंटीमीटर तरी सोडावेत.

वडीलधाऱ्यांसाठी काम चाललं असेल तर उंची पाहणं सर्वांत गरजेचं. नेहमीच्या कमोडचा काठ जमिनीपासून साधारण ४० सेंटीमीटर उंच असतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला सीटसह ४५ सेंटीमीटर किंवा थोडी जास्त उंची सोयीची पडते. आधाराची दांडी कुठे लागणार, हेही टाइल्सच्या आधी ठरवावं. दांडीवर अख्ख्या शरीराचा भार येतो, म्हणून तिच्या मागे भक्कम भिंत हवी. पोकळ जागी किंवा पाइपाच्या चरावर ती लावता येत नाही. दार बाहेर उघडणारं असलं तर आत कुणी पडल्यास ते उघडताना अडत नाही. या एका बदलाचा खर्च फारसा नसतो, आणि संकटाच्या वेळी त्याची किंमत कळते.

भिंतीवर टांगलेला कमोड हल्ली आवडीने घेतला जातो, कारण खालची फरशी पुसायला मोकळी मिळते. त्याचा सगळा भार भिंतीतल्या लोखंडी फ्रेमवर असतो. युरोपीय मानकानुसार अशा भांड्याची चाचणी सुमारे ४०० किलो भार ठेवून घेतात, पण ती चाचणी भांड्याची असते. घरातल्या भिंतीची नव्हे. चार इंची विटांच्या भिंतीत नुसते बोल्ट मारून हे काम करू नये. जमिनीवर पाय टेकणारी फ्रेम घ्यावी आणि ती स्लॅबला बांधावी. लपवलेल्या टाकीची दुरुस्ती फ्लशच्या पट्टीमागच्या खिडकीतून होते, म्हणून तिथे नंतर कपाट किंवा आरसा येणार नाही याची खात्री करावी.

खालच्यांचं छत

बहुतेक इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा २० ते ३० सेंटीमीटर खाली असतो. यालाच सनकन म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप बसतात, वर विटांच्या तुकड्यांचा भराव आणि कोबा येतो, मग टाइल. आपली जमीन म्हणजे खालच्या घराचं छत असल्याने इथली प्रत्येक चूक दुसऱ्याच्या घरात दिसते.

भराव काढताना वरवरचं काम मशीनने केलं तरी स्लॅबजवळ आल्यावर छन्नी-हातोडीच वापरावी. मोठ्या ब्रेकरच्या हादऱ्याने जुन्या स्लॅबला भेगा पडू शकतात. स्लॅब उघडा झाला की तो धुऊन, भेगा भरून घ्याव्यात. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोल वाटा मारून घ्यावी, कारण काटकोनी कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचा थर सर्वांत आधी चिरतो. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात द्यावेत, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. थर भिंतीवरही चढवावा. शॉवरच्या बाजूला तर माणसाच्या उंचीइतका. पाइप जिथे भिंतीतून बाहेर जातो, त्या भोकाभोवती विशेष काळजी हवी, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

त्यानंतर पाइपाची तोंडं बंद करून सनकनमध्ये पाणी भरून ठेवायचं. किमान दोन दिवस, शक्य तर तीन. या काळात खालच्या घरात जाऊन छत पाहायचं. ही चाचणी टाळण्याची अनेक कारणं पुढे केली जातात: घाई आहे, कारागीर दुसऱ्या साइटवर जाणार आहे, पाण्याची टंचाई आहे. तरी ती टाळू नये. टाइल्स लागल्यानंतर जी गळती शोधायला आठवडे जातात, ती या टप्प्यावर दोन दिवसांत आणि काही बादल्या पाण्यात सापडते. सनकनच्या तळापासून डक्टमध्ये एक छोटा पाइप, म्हणजे स्पाउट, काढून ठेवला तर पुढे कधी पाणी झिरपलंच, तरी ते स्लॅबवर साचून न राहता बाहेर पडतं आणि गळती सुरू झाल्याची सूचनाही मिळते.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये खर्चाची विभागणी स्पष्ट आहे. बाहेरच्या सामायिक पाइपांच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंच्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटधारकाने करायचा. फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगीही घ्यावी लागते. संडासाची जागाच बदलायचा विचार असेल तर तो सोडून देणं उत्तम. खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर आपला संडास येणं कुणालाही मान्य होणार नाही, आणि लाइन लांबली की उतारही बिघडतो.

उतार आणि हवा

मैल्याच्या लाइनसाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वापरतात. भारतीय मानकात अशा पाइपांचे दोन प्रकार आहेत. टाइप ए पातळ असतो, तो पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी. टाइप बी जाड असतो, तो मैल्यासाठी. पाइपावर तसा ठसा असतो, आणि पाइप गाडण्यापूर्वी तो वाचायला एक मिनिट पुरतं.

आडव्या पाइपाला दर मीटरला दोन ते अडीच सेंटीमीटर उतार असावा. हा उतार डोळ्यांनी ओळखता येत नाही. लेव्हल लावूनच तपासावा. काटकोनात वळण्याऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड वापरले तर घाण अडकत नाही. जिथे वळण अपरिहार्य आहे तिथे, हात पोहोचेल अशा जागी, झाकण असलेला डोअर बेंड घ्यावा, म्हणजे तुंबल्यास टाइल न फोडता लाइन साफ करता येते.

पाण्याइतकीच पाइपाला हवा लागते. वरच्या मजल्यावरून एकदम पाणी कोसळतं तेव्हा त्यामागे पाइपात हवेचा दाब कमी होतो आणि खालच्या घरांच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. हे होऊ नये म्हणून उभा पाइप गच्चीच्या वरपर्यंत नेऊन उघडा ठेवतात, आणि उंच इमारतींत हवेचा वेगळा पाइप जोडतात. नूतनीकरणात कधी कधी ‘हा पाइप कशाचाच नाही’ असं समजून तो कापला किंवा बुजवला जातो. त्यानंतर फ्लश करताना नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या ट्रॅपमधून, गुडगुड आवाज येऊ लागतो आणि बाथरूमला वास मारतो.

ट्रॅप कोरडा पडल्यावर काय घडू शकतं, हे २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत दिसलं. मार्च महिन्यात सार्सची लागण झालेला एक माणूस, जुलाब होत असताना, तिथल्या ई ब्लॉकमध्ये मुक्कामाला आला होता. १५ एप्रिलपर्यंत त्या वसाहतीत ३२१ जणांना सार्स झाला, आणि त्यांतले ४१ टक्के एकट्या ई ब्लॉकचे होते. तिथल्या आरोग्य विभागाच्या तपासात बाथरूममधल्या जमिनीवरच्या ट्रॅपकडे बोट दाखवलं गेलं. रहिवासी फरशी धुण्याऐवजी पुसत असल्यामुळे अनेक ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट पंखा सुरू केला की मैल्याच्या पाइपातली हवा, सूक्ष्म थेंबांसह, बाथरूममध्ये ओढली जात होती.

मराठी घरांत बाथरूम रोज धुतलं जातं, त्यामुळे नहाणी ट्रॅप आपोआप भरलेला राहत आला. आता काचेचं पार्टिशन घालून अर्धं बाथरूम कोरडं ठेवण्याची पद्धत रुळली आहे. कमोडच्या बाजूच्या कोरड्या भागातल्या नहाणी ट्रॅपमध्ये कित्येक आठवडे पाणीच जात नाही. तिथे आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावं. पाहुण्यांसाठीच्या बंद बाथरूमलाही हेच लागू आहे.

बसवताना

टाइल्स आणि ग्राउट वाळल्यावर कमोड आधी नुसताच ठेवून पाहतात. तो पाइपावर बरोबर येतो का, डुलतो का, टाकी भिंतीपासून किती दूर राहते, हे पाहून पेन्सिलीने खुणा करतात. मग भांडं उचलून भोकं पाडतात. या वेळी ड्रिल हॅमरवर ठेवू नये; टाइल तडकते. भोक वॉटरप्रूफिंगच्या थरापर्यंत खोल जाऊ नये, आणि त्यात रावल प्लग घालण्यापूर्वी सिलिकॉन भरावं.

पाइप आणि कमोड यांच्या जोडाला रबरी कडा असलेला कनेक्टर वापरणं सर्वांत सुरक्षित. हा जोड नुसत्या सिमेंटने भरण्याची सवय अजून गेलेली नाही. सिमेंट ताठ असतं. भांडं किंचित हललं तरी त्याला भेग जाते आणि प्रत्येक फ्लशबरोबर थोडं घाण पाणी जमिनीत मुरतं. तळाभोवतीही पांढऱ्या सिमेंटऐवजी सिलिकॉन लावलं तर पुढे भांडं न फोडता काढता येतं. तळ डुलत असेल तर खाली प्लास्टिकच्या पातळ चकत्या सरकवाव्यात. स्क्रू दोन्ही बाजूंना आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू जोराने आवळली तर चिनीमाती तडकते, आणि ती तड कधी कधी काही दिवसांनी दिसते.

मग चाचणी. जोडाभोवती कोरडा कागद ठेवून सलग सात-आठ वेळा फ्लश करावं आणि कागद ओला होतो का, ते पाहावं. टाकीत खाण्याचा रंग टाकून, फ्लश न करता अर्धा तास थांबावं. भांड्यातलं पाणी रंगीत झालं तर टाकीचा व्हॉल्व्ह गळतो आहे.

फ्लश किती लिटरचा असावा, हेही आधीच ठरतं. दोन बटणांची टाकी १९८० साली ऑस्ट्रेलियात आली. पाण्याची चणचण असलेल्या त्या देशात तिचं माप ११ आणि साडेपाच लिटर होतं. आज सहा आणि तीन लिटरच्या टाक्या सर्रास मिळतात. आपल्याकडे शहरातल्या घरासाठी पाण्याचा हिशेब करताना माणशी रोज ४५ लिटर फ्लशसाठी धरले जातात, म्हणजे इथली बचत मोठी आहे. मात्र सहा लिटरसाठी घडवलेल्या भांड्याच्या टाकीत बाटली किंवा वीट ठेवून पाणी आणखी कमी करू नये. मैला मुख्य पाइपापर्यंत पोहोचत नाही आणि आडव्या लाइनमध्ये साचतो.

कामाच्या सगळ्या दिवसांत पाइपाची तोंडं कापड कोंबून, वर प्लास्टिक बांधून बंद ठेवायला हवीत. ग्राउटचं पाणी, सिमेंटचा काला, टाइलचे तुकडे संडासात ओतणं हा कामावरचा रोजचा गैरप्रकार आहे. तो माल पाइपात किंवा खालच्या चेंबरमध्ये जाऊन दगड होतो, आणि तो फोडायला अखेर कुणाला तरी मैल्यात उतरवलं जातं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून गटार आणि सेप्टिक टँक साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही माणसं उतरवली जातात आणि मरतात. काला बादलीत साठवून डेब्रिसबरोबर बाहेर पाठवणं हे प्रत्येक घरमालकाला सहज जमणारं काम आहे, आणि ते ठेकेदाराला पहिल्याच दिवशी बजावून सांगावं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: एक हप्ता सनकनमधली पाण्याची चाचणी झाल्यावर, एक टाइल्सनंतर, आणि शेवटचा फ्लशच्या चाचण्या आणि खालच्या घराचं छत पाहून झाल्यावर, साधारण पंधरा दिवसांनी. पाइप गाडण्यापूर्वी भिंतीला आणि जमिनीला मापपट्टी लावून फोटो काढावेत. त्यांची एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवावी आणि एक सोसायटीच्या कार्यालयात द्यावी. दहा वर्षांनी त्या भिंतीत दांडीसाठी किंवा गिझरसाठी भोक पाडायची वेळ येईल, तेव्हा पाइप नेमका कुठे आहे हे त्या फोटोंवरून कळेल.